सुकाणूवाचून नौका

शिडाची नौका कोणत्याही देशातील घेतली तरी तीन गोष्टी तिच्यात गृहीत धरलेल्या असतात: डोलकाठी तळाशी घट्ट रोवलेली असावी, ती ढळू नये म्हणून चहूबाजूंनी दोर ताणलेले असावेत, आणि नौका वळवण्यासाठी मागे सुकाणू असावे. विंडसर्फिंग या नावाने जी क्रीडा आज ओळखली जाते तिने या तिन्ही गोष्टींना रजा दिली. तिची डोलकाठी एका लवचीक सांध्यावर वाटेल त्या दिशेला कलते. तिला उभी धरणारे दोर म्हणजे फळीवर उभ्या असलेल्या माणसाचे दोन हात. आणि सुकाणूचे काम डोलकाठी पुढे किंवा मागे कलती करण्यानेच साधते. या क्रीडेचे साधन, तंत्र, प्रवास आणि स्पर्धा यांचा निरनिराळा विचार करण्याची प्रथा पडली आहे. परंतु तिच्या सुमारे साठ वर्षांच्या वाटचालीकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की, या चारही अंगांत एकाच वादाची पुनरावृत्ती होत आली आहे. साधन सोपे ठेवून ते बहुतांच्या हाती द्यावे, की ते अधिकाधिक सूक्ष्म करून थोड्यांना अधिक वेग द्यावा, हा तो वाद होय. त्याचा निकाल बहुधा वेगाच्या बाजूने लागत गेला आणि त्याची किंमत क्रीडेने चुकती केली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही कल्पना मूळ कोणाची, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयागणिक बदलते. रूढ इतिहास असा की, १९६७ साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक नावाच्या विमानविद्येच्या अभियंत्याने आणि संगणकाच्या धंद्यात असलेल्या, पण लाटांवर फळी चालवण्याचा नाद असलेल्या हॉइल श्वाइट्झर नावाच्या त्याच्या मित्राने हे साधन सिद्ध केले. ड्रेकपुढची अडचण मोठी मार्मिक होती. उभ्या माणसाचे दोन्ही हात शिडात गुंतलेले असता त्याने सुकाणू धरावे कशाने? शीडच पुढे झुकवले तर वाऱ्याचा जोर फळीच्या मध्याच्या पुढे पडून तिचे नाळेकडचे टोक वाऱ्यापासून दूर वळते, आणि मागे झुकवले तर ते वाऱ्याकडे वळते, हे ध्यानी येताच सुकाणूची गरजच उरली नाही. १९६९ साली ड्रेकने अभियंत्यांच्या एका परिषदेपुढे या विषयावर रीतसर निबंध वाचला. एखाद्या खेळाचा जन्म प्रमेयाच्या स्वरूपात नोंदला जाणे ही विरळा गोष्ट आहे. निबंधाच्या आधीच, १९६८ च्या मार्चमध्ये, पेटंटसाठी अर्ज गेला होता आणि १९७० च्या जानेवारीत तो मंजूर झाला. तीन वर्षांनी ड्रेकने आपला अर्धा हिस्सा ३६,००० डॉलरना श्वाइट्झरला विकून टाकला. आणि जो खेळ पुढे लाखो लोकांनी खेळला त्याच्या उत्पन्नाशी त्याच्या मुख्य कल्पकाचा संबंध तेथेच संपला.

श्वाइट्झर हा मात्र आपला मक्ता सोडणारा गृहस्थ नव्हता. परवान्याशिवाय फळ्या तयार करणाऱ्यांवर त्याने देशोदेशी फिर्यादी गुदरल्या. आणि त्या फिर्यादींच्या दफ्तरांतूनच आधीच्या दोन माणसांची नावे उजेडात आली. पेनसिल्व्हेनियातील न्यूमन डार्बी याने १९६४ च्या सुमारास एका सपाट फळीवर पतंगाच्या आकाराचे, हाताने धरायचे शीड बसवले होते, चालवणाऱ्याने त्या शिडाला पाठ देऊन उभे राहावे अशी त्याची रचना होती, आणि ती कशी तयार करावी याची माहिती ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाच्या ऑगस्ट १९६५ च्या अंकात त्याने छापून टाकली होती. दुसरा पीटर चिल्व्हर्स. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेलिंग बेटाजवळ १९५८ साली या बारा वर्षांच्या मुलाने असेच एक साधन स्वतःसाठी बनवून उन्हाळ्यात चालवले होते. श्वाइट्झरच्या कंपनीने ताबुर मरीन या कंपनीवर इंग्लंडमध्ये दावा लावला तेव्हा प्रतिवादीने हा मुलगा, म्हणजे आता वयात आलेला गृहस्थ, साक्षीस उभा केला. त्याच्या शिडाला दोन्ही बाजूंनी सरळ दांड्या होत्या आणि पेटंटात कमानदार दांड्यांचा उल्लेख होता, हा भेद वादीने पुढे केला. त्यावर न्यायालयाने असे ठरवले की, वारा भरला की त्या सरळ दांड्या कमानीसारख्याच वाकत, सबब भेद नाममात्र आहे. १९८५ च्या पेटंट-निकालसंग्रहात छापलेल्या या निर्णयाने इंग्लंडातील पेटंट रद्द झाले, आणि एखादा शोध ‘उघड’ आहे की नाही हे ठरवण्याची जी चार पायऱ्यांची कसोटी त्यात घालून दिली गेली ती तेथील कायद्याच्या विद्यार्थ्यास या खेळाच्याच नावाने अद्याप पाठ करावी लागते. अमेरिकेत तेच पेटंट १९८६ साली वरिष्ठ न्यायालयात टिकले. आणि त्याच वर्षी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने परवान्यांतील कित्येक अटी व्यापारस्पर्धेस मारक ठरवल्या. एकाच शोधाचा एका तीरावर हक्क आणि दुसऱ्या तीरावर निव्वळ आगाऊपणा ठरावा, यातील विनोद कायदेपंडितांना कितपत जाणवला असेल कोण जाणे.

या तंट्यांच्या गलबल्यात मूळ साधनाची थोरवी झाकली जाऊ नये. बारा फूट लांबीची पॉलिथिलिनची फळी, मध्यभागी खाली सोडण्याचे एक पाते, ५६ चौरस फुटांचे शीड, आणि ते धरण्यासाठी सागवानी लाकडाची दुहेरी कमान, जिला सर्वजण बूम म्हणतात, एवढाच त्याचा पसारा. मोटारीच्या टपावर ते बांधता येई, दहा मिनिटांत जोडता येई, आणि मंद वाऱ्यातही ते चाले. नेदरलँड्समधील टेन काटे या वस्त्रोद्योगाच्या कंपनीने परवाना घेऊन ते युरोपात आणले आणि समुद्र न पाहिलेल्या प्रदेशांतील तळ्यांवरही शिडे दिसू लागली. नौकाविहार ही तोवर क्लबाचे सभासदत्व, गोदीतील जागा आणि सोबतीचे खलाशी परवडणाऱ्यांची मिरासदारी होती. तिच्यात कारकुनाला आणि शाळामास्तराला शिरकाव मिळाला तो या फळीमुळे.

तंत्राविषयी जे ग्रंथ आहेत ते वाचून कोणी शिकल्याचे ऐकिवात नाही, तथापि त्यातील तत्त्व सांगण्याजोगे आहे. नवशिका फळीवर उभा राहतो, वाऱ्याकडे पाठ करतो, आणि पाण्यात आडवे पडलेले शीड दोराने वर ओढू लागतो. शिडावर पाण्याचे ओझे असते. ते निथळून जाईपर्यंत थांबण्याचा धीर त्याला नसतो, म्हणून तो कंबर वाकवून हिसका देतो आणि शीड एकदम हलके झाल्याबरोबर उताणा पाण्यात जातो. येथपासून अखेरपर्यंतचे सगळे शिक्षण एकाच सूत्रात सामावलेले आहे: स्नायूंनी ओढू नये, शरीराचे वजन टांगावे. खळ्यावर उपणणी करणारा शेतकरी जसा वाऱ्याची दिशा विचार न करता अंगावरच ओळखतो, तशी ओळख पाठीला आणि तळहातांना होईपर्यंत दिवस जावे लागतात. त्यानंतर वाऱ्याच्या तोंडातून फळी फिरवणे, वाऱ्याला पाठ देऊन ती वळवणे, आणि किनाऱ्यालगत उथळ पाण्यातून शिडाच्या आधारानेच तिच्यावर चढणे हे क्रमाने साधते. वारा बारा-पंधरा नॉटच्या वर गेला आणि शीड पुरेसे मोठे असले की फळी पाणी कापणे सोडून पाण्याच्या पृष्ठावर चढते आणि घसरत धावू लागते. या क्षणापासून यंत्राचा कायदाच पालटतो. आता शीड झुकवून नव्हे, तर फळीच्या कडेवर पायाचा भार देऊन वळावे लागते, आणि खालचे मोठे पाते उपकारक न राहता अडचण होऊन बसते. आधी शिकलेले बरेचसे विसरावयास लावणारे हे स्थित्यंतर अनेकांना जमत नाही. आणि जे अर्धवट शिकून निघून गेले त्यांची संख्या बहुधा येथेच वाढली असावी.

स्थित्यंतराचे श्रेय, किंवा दोष, हवाई बेटांकडे जातो. तेथील व्यापारी वारे आणि लाटा यांत मूळ लांब फळी आवरेना. उसळीबरोबर पाय सुटत. म्हणून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओआहू बेटावरील कैलुआच्या तरुणांनी फळीवर पायांसाठी पट्टे ठोकले, आणि फळी व माणूस एकजीव होऊन हवेत उडू लागली. त्याच मंडळींत वाढलेल्या रॉबी नॅशने १९७६ साली, तेराव्या वर्षी, बहामामध्ये जगज्जेतेपद मिळवले होते. पुढे त्याची छायाचित्रे मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली तेव्हा या खेळाची लोकांच्या मनातील मूर्तीच बदलली. तळ्यावर सावकाश फेरफटका घालणारा गृहस्थ मागे पडला आणि लाटेच्या शिखरावरून उलटी कोलांटी घेणारा तरुण पुढे आला. कमरेला बांधलेला हार्नेस बूमच्या फासात अडकवून हातांचा भार हलका करण्याची सोय झाली, फळ्या आठ फुटांवर आल्या, त्यांचे घनफळ इतके घटले की वारा पडला तर त्या उभ्या माणसासकट बुडत. साधन निःसंशय उत्तम झाले. पण ते चालवण्यास जो वारा लागे तो युरोपातील अंतर्भागात वर्षातून मोजकेच दिवस वाहतो. आणि दुकानदारांनी मात्र हवाईची फळी बव्हेरियातील कारकुनाला विकली. वाऱ्याची वाट पाहत तो काठावर बसून राहिला, आणि काही वर्षांनी त्याने फळी अडगळीत टाकली. १९९० च्या दशकात या खेळाला जी ओहोटी लागली तिची कारणे पुष्कळ सांगतात, पतंगाने ओढली जाणारी काइटसर्फिंगची नवी क्रीडाही त्यांत येते. परंतु काइटचा जम बसण्यापूर्वीच ही गळती सुरू झाली होती, हे विसरून चालणार नाही.

साधनांच्या पुढील सुधारणांबद्दल विस्तार नको. डोलकाठी ॲल्युमिनियमची होती ती कार्बनच्या धाग्यांची झाली. शिडाचे कापड डेक्रॉनचे होते ते पारदर्शक पत्र्यासारख्या फिल्मचे झाले आणि त्यात आडव्या पट्ट्या बसवून विमानाच्या पंखाचा आकार कायम करण्यात आला. शिडाचा खालचा दोर खेचून त्याचा वरचा भाग मुद्दाम सैल ठेवण्याची युक्ती निघाली, म्हणजे झोत आला की ते आपोआप वाकून जास्तीचा वारा सोडून देते. अलीकडची खरी क्रांती मात्र फॉइल ही होय. फळीखाली उभा खांब आणि त्याच्या टोकाला पाण्यात बुडालेले छोटे पंख असे त्याचे रूप आहे. वेग येताच पंखांच्या उचलीने फळी पाण्याच्या वर येऊन अधांतरी चालते, आणि पाण्याचे घर्षण इतके कमी होते की ज्या मंद वाऱ्यात पूर्वी कोणी शर्यत भरवण्यास धजले नसते त्यातही ती धावते. हवाईने जो वारा मागितला होता तो फॉइलने माफ केला, असे म्हणता येईल. किंमत आणि पडण्याची भीती मात्र वाढवली.

वारा ज्याचे इंधन आहे त्याला प्रवास टळत नाही. या खेळाचा भूगोल खिंडी, सामुद्रधुन्या आणि तापणारी जमीन यांनी ठरवला आहे. इटलीतील गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला, तोर्बोले आणि रिवा या गावांजवळ, पहाटे डोंगराकडून पेलेर वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा येतो. कोकणच्या माणसाला मतलई वारे आणि खारे वारे ठाऊक असल्यामुळे ही दैनंदिन पाळी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या खिंडीत पूर्वेचे वाळवंट तापले की समुद्राकडची थंड हवा पश्चिमेकडून आत खेचली जाते. नदीचा प्रवाह तिच्या उलट, पश्चिमेकडे असल्यामुळे पाणी उभारून लाटा होतात, आणि वाऱ्यापुढे वाहत जाणाऱ्याला प्रवाह परत आणून सोडतो. फळबागा आणि लाकूड यांवर जगणारे हूड रिव्हर हे गाव १९८० च्या दशकात या एका योगायोगावर प्रसिद्धीस आले. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारीफा येथे जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून पूर्वेचा लेवांते आणि पश्चिमेचा पोनिएंते आळीपाळीने राज्य करतात. माउई बेटावर दोन डोंगरांमधील सखल भागातून व्यापारी वारे दाबून निघतात आणि होओकिपाच्या लाटांवर येऊन आदळतात. या सर्व ठिकाणी जाणाऱ्याला फळी, दुभंगणारी डोलकाठी आणि तीन-चार शिडे यांचे लांबलचक बोचके विमानात चढवावे लागते, आणि त्याच्या भाड्याचा आकडा पुष्कळदा माणसाच्या तिकिटाशी स्पर्धा करतो. म्हणूनच शहाणे लोक मोकळ्या हाताने जाऊन तेथेच साहित्य भाड्याने घेतात.

प्रवासाचा दुसरा एक प्रकार आहे, त्याला साहस म्हणावे की दुराग्रह, हे ठरवणे कठीण. क्रिस्तियां मार्ती या फ्रेंच गृहस्थाने १९८१-८२ च्या हिवाळ्यात आफ्रिकेतील डाकारहून फ्रेंच गयानापर्यंत अटलांटिक महासागर फळीवरून ओलांडला. तो पेशाने वैमानिक होता, आणि जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ कोसळलेल्या कॉनकॉर्ड विमानाचा कप्तान तोच होता. त्याचाच देशबांधव आर्नो द रोने याने सामुद्रधुन्या ओलांडण्याचा सपाटा लावला होता; नोव्हेंबर १९८४ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरून तैवानकडे जाण्यास तो निघाला आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

स्पर्धांच्या क्षेत्रात या खेळाचे दोन दरबार आहेत. एक व्यावसायिकांचा: लाटांवरच्या करामती, सपाट पाण्यावरच्या कसरती आणि बोयांभोवतीच्या वेगवान फेऱ्या. ब्योर्न डुंकरबेक याने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दहा वर्षांहून अधिक काळ त्यावर एकछत्री अंमल गाजवला, आणि पुढे अरुबासारख्या चिमुकल्या बेटावरील सारा-क्विटा ऑफ्रिंगा हिने महिलांत तशीच हुकमत बसवली. केवळ वेगाचा हिशेब मांडणाऱ्यांनी नामिबियातील ल्युडरित्झजवळ मुद्दाम एक चर खणून घेतला. तेथे २०१५ साली आंत्वान अल्बो याने ५०० मीटरवर सरासरी ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९९ किलोमीटर, वेग नोंदवला. खणलेल्या पाण्यात, काठापासून हातभर अंतरावरून, अर्धा मिनिटही न टिकणारी ही दौड पाहिली की समुद्राची आठवण राहत नाही.

दुसरा दरबार ऑलिंपिकचा. १९८४ साली लॉस अँजेलिस येथे विंडग्लायडर फळीवर शर्यत झाली आणि नेदरलँड्सच्या स्टेफान व्हान डेन बर्ग याने पहिले सुवर्ण घेतले. महिलांना स्वतंत्र शर्यत मिळण्यास १९९२ उजाडले. ऑलिंपिकने सर्वांना एकच बनावटीचे साहित्य देण्याचा नियम ठेवला, आणि त्यामुळे ज्या देशांपाशी नौकाबांधणीचे मोठे कारखाने नव्हते त्यांनाही दार उघडे राहिले. १९९६ साली अटलांटाच्या स्पर्धेत, सव्हाना येथील पाण्यावर, ली लाइ-शान हिने हाँगकाँगला आयुष्यातले पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. च्युंग चाऊ या कोळ्यांच्या बेटावर ती वाढली होती. वर्षभरात वसाहतीचा ताबा चीनकडे जावयाचा होता, आणि विजेतीच्या सन्मानार्थ वाजले ते ब्रिटनचे राष्ट्रगीत. २००४ साली अथेन्समध्ये गाल फ्रिडमन याने इस्राएलला पहिले सुवर्ण दिले; त्याने मागे टाकलेला निकोस काक्लामानाकिस हा आदल्या पंधरवड्यात त्याच शहरात ऑलिंपिकची ज्योत प्रज्वलित करून बसलेला ग्रीक वीर होता. २०१२ च्या मे महिन्यात जागतिक नौकानयन संस्थेने मतदान करून या खेळास ऑलिंपिकमधून बरखास्त केले आणि त्याची जागा काइटला दिली. नोव्हेंबरमध्ये तीच संस्था आपला ठराव फिरवून मोकळी झाली.

२०२४ पासून ऑलिंपिकमध्ये आयक्यूफॉइल ही अधांतरी धावणारी फळी आली, आणि तिच्याबरोबर दूरचित्रवाणीला सोयीची अशी निर्णयपद्धतीही. मार्सेल येथे ब्रिटनच्या एमा विल्सनने प्राथमिक शर्यतींत सर्वांना फार मागे टाकले होते. पण अंतिम शर्यत एकच, तिच्यात आधीच्या आघाडीला मोल नाही, आणि त्या एका शर्यतीत ती तिसरी आल्याने आठवडाभराच्या कमाईचे कांस्य झाले. सुवर्ण इटलीच्या मार्ता माजेत्ती हिला मिळाले, आणि तिच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्या खेळात वाऱ्याची एक झुळूक दैवासारखी वागते, तेथे अनेक शर्यतींची बेरीज हाच न्याय होय, ही जुन्या लोकांची समजूत मला अद्यापि बरोबर वाटते.

आपल्याकडे हा खेळ आला तो प्रामुख्याने सैन्यदलांच्या मार्गाने. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्यांबरोबर या फळ्याही चालवतात, आणि मुंबईत कुलाब्याला लष्कर व नौदल यांची जलक्रीडा-केंद्रे आहेत. गोव्यात दोना पावलाच्या किनाऱ्याला नागरी खेळाडूंची परंपरा आहे; डेन आणि कात्या कोएल्हो या तेथील भावंडांनी आंतरराष्ट्रीय शर्यतींत भारताचे प्रतिनिधित्व केले. हांगचौ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत एबाद अली याने कांस्यपदक आणले. तो समुद्रापासून दूरच्या मध्य प्रदेशातला. कोकणच्या किनाऱ्यावर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारचा खारा वारा नियमाने भरतो, खाड्यांची तोंडे रुंद आणि पाणी ऊबदार. पावसाळ्यात वाऱ्याला जोर येतो पण समुद्र माणसाचा राहत नाही, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तांडेलसुद्धा होडी वाळूवर ओढून ठेवतो. म्हणजे चार महिने सोडले तर निसर्गाची हरकत नाही. हरकत आहे ती साहित्याची: फळी, शीड, डोलकाठी सारे परदेशातून जकात भरून यावयाचे, आणि स्पर्धेचा वर्ग बदलला की जुने सारे निरुपयोगी. युरोपात गेल्या दहा वर्षांत मूळ कॅलिफोर्नियन फळीची हलकी केलेली आवृत्ती, पुन्हा एक फळी, एक शीड आणि मंद वारा या बेतावर, परत बाजारात आली आहे आणि पन्नाशीतली माणसे नातवंडांसह तिच्यावर शर्यती खेळू लागली आहेत. मालवण किंवा मुरुडच्या कोळीवाड्यातील मुलाने हा खेळ कधी हाती घ्यावयाचा असेल, तर त्याची पहिली फळी तीच असावी; फॉइल त्यानंतर.